बारा वेळा कापलेली तार

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७:३०
आजपासून रोज लिहायचं. प्रत्येक इंजिनाचं एक लॉगबुक असतं: किती तास चाललं, कुठे गळलं, काय बदललं. माणसाचंही असावं. माझ्यात गळती नाही, त्यामुळे नोंदी आटोपशीर राहतील.

मुख्य बातमी. साहेबांनी सकाळी हँगरमध्ये सगळ्यांना गोळा केलं. आपली दोन पंख्यांची विमानं वर्षभरात जाणार, जेट येणार. नव्या इंजिनाचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग कारखान्यात. जागा एक. जो जाईल तोच नव्या इंजिनांवर सही करणार. बाकीच्यांची ‘सोय स्टोअरमध्ये केली जाईल’. म्हणजे वॉशर मोजत बसा. निवड या महिन्याच्या शेवटी, लेखी परीक्षा आणि कामाचा रेकॉर्ड पाहून.

जागा एक म्हणजे माझी. एकतीस वर्षं इंजिनांत हात घातलेत, त्यातली बारा शिकवण्यात गेली. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.

किरकोळ बातमी. एक नवी इन्स्पेक्टर बदलून आली. म्हणाली, बाई, ओळखलंत का, मी तुमची विद्यार्थिनी. ओळखलं म्हणाले. ओळखलं नव्हतं.

४ फेब्रुवारी
अभ्यासाचं वेळापत्रक केलं. ४:३० उठणे. ४:४५ ते ६:४५ नव्या इंजिनाचं मॅन्युअल. पानं नऊशे चाळीस. रोज पन्नास म्हणजे एकोणीस दिवसांत संपेल, वर दोन दिवस उजळणीला. ह्यांनी वेळापत्रक वाचून ‘अंशतः ढगाळ’ असं म्हटलं. हे हवामान खात्यातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं अंदाज वर्तवले. घरातला एकही बरोबर आला नाही.

५ फेब्रुवारी. सकाळी ७:२०
अलार्म वाजला नाही. हे म्हणतात वाजला, मीच बंद केला आणि वर ‘कोणी लावला हा’ असंही विचारलं. ह्यांची साक्ष धरण्यात अर्थ नाही. उद्यापासून शंभर पानं.

६ फेब्रुवारी
आज रंगाऱ्याला फैलावर घेतलं. इंजिनांच्या झाकणांवर नंबर रंगवायला सांगितले होते. पठ्ठ्यानं उलटे रंगवले, एकच्या जागी दोन, दोनच्या जागी एक. म्हणतो, बाई, डावीकडून मोजलं. विचारलं, कुठे उभा होतास? म्हणे विमानासमोर.

सगळं काम थांबवून त्याला वर चढवलं आणि वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं. आता सांग डावं कुठलं. विमानाचं डावं-उजवं म्हणजे वैमानिकाचं डावं-उजवं. समोर उभं राहिलं की सगळं उलटं दिसतं. पहिल्या दिवसाचा पहिला धडा आहे हा. जाहीर म्हणाले की ज्याला एवढं कळत नाही त्यानं विमानाजवळ येऊ नये, बैलगाडी रंगवावी.

नवी इन्स्पेक्टर खाली उभी राहून हसत होती. तिला म्हणे हाच धडा अजून माझ्या आवाजात ऐकू येतो. लाघवी बोलते. लाघवी माणसांवर लक्ष ठेवावं लागतं.

७ फेब्रुवारी
तिचं नाव मी दुर्बीण ठेवलं आहे. मनातल्या मनात. कारण ती बरोबर एक यंत्र घेऊन आली आहे: लांब लवचिक नळी, टोकाला मटाराच्या दाण्याएवढा कॅमेरा. नळी इंजिनात घालायची आणि आतली टर्बाइनची पाती पडद्यावर बघायची. अख्खं हँगर भोवती. टूलरूमचे मामा, जे जागचे कधी उठत नाहीत, ते स्टूल घेऊन आले. साहेब म्हणाले, मॅडम, कमाल आहे.

मला एकतीस वर्षं ‘बाई’. तिला चार दिवसांत ‘मॅडम’. मला हेवा वगैरे वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

मी कंप्रेसरची पाती बोट फिरवून तपासते. बोटाला बॅटरी लागत नाही.

१० फेब्रुवारी
मॅन्युअल: पान सात. हल्ली छपाई फार बारीक करतात. कागद वाचवायचा आणि वाचणाऱ्याचे हाल करायचे. शिवाय जेट इंजिनात वाचण्यासारखं आहे तरी काय? पुढून हवा घ्यायची, दाबायची, जाळायची, मागून फेकायची. मी शिकले त्या जुन्या पिस्टन इंजिनात अठरा सिलिंडर, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सकाळी कोणता रुसला आहे हे आवाजावरून कळायचं.

ह्यांना हे जेवताना सांगितलं. हे म्हणाले, म्हणजे आपल्याकडे पण तेच, फक्त सिलिंडर एकच. दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी
मोठी तपासणी सुरू आहे. विमान तीन आठवडे हँगरमध्ये. साहेबांनी वाटणी केली: डावं म्हणजे एक नंबर इंजिन माझं, उजवं म्हणजे दोन नंबर तिचं. सरळ तुलना करता यावी म्हणूनच. साहेब बोलले नाहीत, पण मला समजतं.

आज तेलाच्या फिल्टरचं झाकण बसवलं आणि तार बांधली. इंजिन थरथरतं, बोल्ट ढिले होतात. म्हणून एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत पिळाची तार अशी ओढून बांधायची की बोल्ट सुटायला निघाला तर तारेनं त्याला आवळावं. चुकीच्या बाजूनं बांधली तर तीच तार बोल्ट सुटायला मदत करते. इंचाला आठ पीळ. हे काम मी डोळे मिटून करू शकते. आज जवळजवळ तसंच केलं, कारण त्या कोपऱ्यातला दिवा मंद आहे. दिव्याबद्दल तक्रार लिहिली.

१२ फेब्रुवारी
चहाच्या वेळी दुर्बीण सगळ्यांना माझी गोष्ट सांगत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, खांबामागे उभी होते इतकंच.

म्हणाली, बाईंच्या वर्गात तार चुकली की बाई काही समजावून सांगायच्या नाहीत. पकड काढायची, कट, आणि दोन शब्द: पुन्हा करा. माझी तार अकरा वेळा कापली. बाराव्या वेळी बाई वाकल्या, पाहिलं, काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेल्या. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आज बाई पुढे गेल्या. मामा म्हणाले, म्हणजे शाबासकी नाहीच? ती म्हणाली, हीच की.

बरोबर आहे. मी कधी कोणाला चांगलं म्हणत नाही. चांगलं म्हटलं की पीळ सैल पडतो.

आता ती थोडी आठवली. दोन वेण्या, शाईनं माखलेली बोटं.

१३ फेब्रुवारी
ती माझ्या शिडीपाशी आली. हळू आवाजात म्हणाली, बाई, एक नंबरच्या फिल्टरची तार एकदा बघाल का?

मी म्हणाले, तूच बघ. नीट बघ, उपयोग होईल. ती गेली. अजूनही माझ्या कामावरून शिकायची तिची इच्छा आहे, एवढं मात्र मान्य करायला हवं.

१७ फेब्रुवारी
वार्षिक डोळे तपासणी. तीन वेळा पुढे ढकलली होती (कामाचा ताण). इन्स्पेक्टरला जवळचं बारीक वाचता आलं पाहिजे असा नियम आहे, म्हणून दरवर्षी जावं लागतं. त्या तक्त्याची शेवटची ओळ मला गेली नऊ वर्षं तोंडपाठ आहे.

खुर्चीत बसले, एक डोळा झाकला, ओळ खणखणीत म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, वा, पाठांतर उत्तम आहे, पण हा तक्ता जानेवारीत बदलला.

दोन्ही डोळ्यांना चष्मा लिहून दिला. पंधरा दिवसांत करा, नाहीतर सहीचा अधिकार थांबेल. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये, मोज्यांखाली. निवडीच्या ऐन तोंडावर चष्मा लावून जायचं म्हणजे दुर्बिणीच्या हातात कोलीत देण्यासारखं आहे. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे ते डॉक्टरांनी स्पष्ट केलेलं नाही.

आणि तक्ता यंदाच का बदलला? ती आली फेब्रुवारीत, तक्ता बदलला जानेवारीत. विचार करण्यासारखं आहे.

१९ फेब्रुवारी
मॅन्युअल: पान अकरा. आकृत्या चांगल्या आहेत.

घरी आले तर दुर्बीण माझ्या बैठकीत. मी हँगरमध्ये विसरलेली बॅटरी द्यायला आली होती. ह्यांनी तिला चहा दिला होता, स्वतः केलेला, आणि कपाटावरचा पितळी वायुभारमापक खाली काढून दाखवत होते. ती विचारत होती, काका, ही सुई पडते तेव्हा आधी काय बदलतं? हे खुर्चीत पुढे सरकून बोलत होते. पुढे सरकून बसलेलं ह्यांना मी लग्नात पाहिलं, त्यानंतर आज.

ती गेल्यावर म्हणाले, हुशार मुलगी आहे हो. मी विचारलं, मला कधी दाखवलात तो मापक? हे म्हणाले, दर पावसाळ्याच्या आधी दाखवतो, तू म्हणतेस नंतर.

मला आठवत नाही.

२१ फेब्रुवारी
मामांनी नवी पकड तिला दिली. पीळ घालायची, लाल मुठीची. मला जुनी. विचारलं तर म्हणे, बाई, तुम्हीच जानेवारीत परत केलीत, हिच्यावरचे आकडे खोटे आहेत म्हणून. आकडे खोटे नव्हते, पुसट होते. मामा म्हणाले, नवी कोरी होती हो. मामांचंही वय झालं आता.

२४ फेब्रुवारी
सहनशक्तीचा अंत. ती पुन्हा आली. म्हणाली, बाई, परवा फायनल तपासणी. तुमच्या फिल्टरची तार त्याआधी एकदा बघून घ्या ना. मी कापणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

हँगरचा रिवाज आहे की दुसऱ्याच्या तारेला पकड लावायची नाही, ज्याची त्याला दाखवायची. तो रिवाज मीच पाडला. म्हणजे माझाच रिवाज मला शिकवणं, तेही दुसऱ्यांदा. आता कळलं, हे शिकण्यासाठी नव्हतं, हिणवण्यासाठी होतं.

ठरवलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत तिचं दोन नंबर इंजिन मी स्वतः बघणार. कोणाचंही काम बारकाईनं पाहिलं की काहीतरी सापडतंच.

२५ फेब्रुवारी. दुपारी १:५०
सापडलं.

हँगर रिकामं. विमानाच्या नाकाकडून शिरले, बॅटरी हातात. दोन नंबरशी गेले, शिडी लावली. झाकणं काढून स्टँडवर ठेवलेली, आतलं सगळं उघडं. आधी काही नीट दिसेना, म्हणून बोट फिरवलं. तेलाच्या फिल्टरची तार उलट बाजूनं. अंगठ्याच्या नखानं दोनदा खात्री केली. बोल्ट सुटायला निघाला तर ही तार त्याला पुढचा रस्ता दाखवील. झाकण निघालं असतं तर दहा मिनिटांत तेल संपून इंजिन जॅम. आणि पीळ? इंचाला सहासुद्धा नाहीत.

मला आनंद झाला असं नाही. पायऱ्या भराभर उतरले, कारण खाली यायचंच होतं.

लाल चिठ्ठी अडकवली: ‘दोष. हात लावू नये.’ खाली सही. मग साहेबांना लेखी रिपोर्ट. नक्कल इथे ठेवते:

‘इंजिन क्रमांक दोनच्या फिल्टरवरील तार उलट दिशेने बांधलेली आढळली. असे काम पहिल्या महिन्याचा विद्यार्थीही करणार नाही. ज्या व्यक्तीने हे केले तिला दोन आठवडे प्राथमिक वर्गात पहिल्या बाकावर बसवून तार बांधणे पुन्हा शिकवावे. याबाबतीत वय, हुद्दा अथवा अनुभव पाहू नये.’

शेवटचं वाक्य साहेबांसाठी. नाहीतर म्हणतील, मॅडम तरुण आहेत, होतं.

रात्री ९:००. संध्याकाळी ह्यांच्यासाठी मुद्दाम गोड आणलं. ह्यांनी विचारलं, कशाबद्दल? विमानाच्या सुरक्षिततेबद्दल म्हणाले.

२६ फेब्रुवारी
काम जास्त. लिहायला वेळ नाही.

२७ फेब्रुवारी
काल थोडा गैरसमज झाला.

साहेबांनी सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला. ‘पहिल्या महिन्याचा विद्यार्थी’ म्हणताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग सगळे मिळून दोन नंबरशी गेलो. साहेब शिडी चढले, बॅटरी मारली आणि बराच वेळ वरच राहिले. म्हणाले, बाई, ही तार तर सुरेख आहे. इंचाला आठ पीळ, दिशाही बरोबर.

मी म्हणाले, रातोरात बदलली असणार. माझी लाल चिठ्ठी कुठे आहे? चिठ्ठी कोणी काढली?

मामा म्हणाले, चिठ्ठी आहे की. पलीकडे.

चिठ्ठी पलीकडे होती. एक नंबरवर. माझ्या अक्षरात, खाली माझी सही. मी नाकाकडून शिरले होते ना. समोरून आलं की उजवीकडे दिसतं ते डावं इंजिन.

मागे रंगारी उभा होता. त्याला तिथे काय काम होतं कोण जाणे. तो ब्रश पुसत राहिला, कोरडा ब्रश.

साहेबांनी एक नंबरचं कार्ड मागवलं. अकरा फेब्रुवारी, फिल्टर, तार, सही. तीच सही, दोन्हीकडे.

सगळे गेल्यावर साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ती म्हणाली, सर, दोष बाईंनीच पकडला, विमान उडायच्या आत. तेवढंच लिहा. साहेब म्हणाले, रिपोर्ट फाडून टाकतो, विषय संपला.

ही तिची खेळी मी ओळखली. माझ्यावर उपकार करून मोठी होणार. म्हणाले, साहेब, आपल्या धंद्यात कागद फाडत नाहीत. ज्यानं कागद फाडला तो उद्या बोल्टही लपवील. रिपोर्टवर फक्त इंजिनाचा नंबर दुरुस्त करा. बाकी मजकूर योग्य आहे.

साहेबांनी दोन खोडून एक केलं आणि मी शेजारी सही केली. सही कागदाच्या बाहेर गेली.

२८ फेब्रुवारी
परीक्षा रद्द. जागा तिला. एप्रिलमध्ये जाणार. मला मॅन्युअल परत करायला सांगितलं. पान चौदावर खूण होती, ती काढून घेतली.

डॉक्टरांचा कागद साहेबांकडेही गेला होता. म्हणाले, जुनी विमानं जाईपर्यंत तुमची सही चालेल, चष्मा आल्यावर. पुढे स्टोअर. मी म्हणाले, स्टोअरची अवस्था पाहता तिथे शिस्तीच्या माणसाची गरज आहेच. मामांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते दिसलं नाही.

२ मार्च
मोज्यांखाली चिठ्ठी नव्हती. हे म्हणाले, मोजे शोधताना सापडली, आठवड्यापूर्वीच टाकली करायला. चष्मा तयार होता. लावला. घरात इतकी धूळ आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कपाटावरच्या मापकावर बारीक अक्षरांत माझं नाव कोरलेलं आहे, आणि लग्नाची तारीख. विचारलं, हे कधी कोरलंत? हे म्हणाले, त्याच तारखेला. आणि पेपर वर धरला.

३ मार्च, सोमवार
प्राथमिक वर्ग. पहिला बाक. उदाहरण घालून देण्यासाठी बसले आहे, हे पहिल्याच तासाला सगळ्यांना स्पष्ट केलं. शेजारी रंगारी. साहेबांनी त्यालाही पाठवलं आहे, मेकॅनिक करणार म्हणे. त्यानं माझ्यासाठी बाक पुसून ठेवला होता.

शिकवायला दुर्बीण. ट्रेनिंगला जाईपर्यंत हा वर्ग तिच्याकडे.

तिनं फळ्यावर विमान काढलं आणि विचारलं, डावं इंजिन कोणतं? रंगाऱ्यानं उत्तर दिलं. बरोबर दिलं.

दुपारी तार. मी बांधली. ती आली, वाकली, खिशातून लाल मुठीची पकड काढली. कट. म्हणाली, बाई, पुन्हा करा.

सूर चुकीचा आहे. शेवटचा शब्द खाली पाडायला हवा, तिनं वर नेला, विनंतीसारखा. आणि मध्ये ‘बाई’ लावायचं नसतं. दोन आठवड्यांनी सांगेन.

७ मार्च
मंगळवारी तीन वेळा कापली. बुधवारी पाच. चष्म्याची सवय नाही, पीळ एकदम जवळ येतात आणि अंगावर आल्यासारखे वाटतात. काल दोन वेळा. रंगाऱ्याची काल पास झाली.

आज तिची तार मुद्दाम जवळून पाहिली, नमुन्याला टांगलेली. चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून. शेवटचा टोकाचा पीळ आत दुमडलेला, बोटाला लागू नये म्हणून. हे पुस्तकात नाही. हे मी करते. करायचे.

एकदा कापली. मग पुन्हा बांधली. टोक आत दुमडलं.

ती आली. वाकली. पकड तिच्या हातातच होती. बराच वेळ पाहिलं. मग काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेली.

मी वाट पाहिली. वर्ग सुटेपर्यंत. ती काही म्हणाली नाही.

घरी आले, चप्पल काढायच्या आधी ह्यांना सांगितलं, आज ती पुढे गेली. हे मापक पुसत होते. म्हणाले, अरे वा. मग विचारलं, कितव्यांदा?

मी मोजलं. सोमवारची एक, मंगळवारच्या तीन, बुधवारच्या पाच, कालच्या दोन, आजची एक. बारा कापल्या, तेरावी राहिली. तिच्या अकराच कापल्या होत्या.

अर्थात तेव्हा तार चांगली यायची.